माऊस तापतो का?

तलासरी,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

दादा,

नितीनच्या जीपमधून खोका पाठवतेय. आत काळा माऊस आहे, बिनवायरचा, खास खेळाडूंसाठीचा. बुडाचं झाकण उघडलंस की नखाएवढा तुकडा निघेल, तो कॉम्प्युटरला मागे लावायचा. हरवू नकोस. आईच्या हाती तर मुळीच देऊ नकोस, ती जपून म्हणून तांदळाच्या कणगीत ठेवील आणि मग आपण दोघं कणगी उपसत बसू.

आता काम ऐक. नाशिकहून एक मासिक निघतं, कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी, मराठीत. खरंच आहे, हसू नकोस. तिथल्या संपादक सुषमा मॅडमच्या मी दोनदा मागे लागले, की मला वस्तूंची परीक्षणं लिहू द्या. शेवटी त्यांनी हा माऊस पाठवला. म्हणाल्या, लिहून दाखव, जमलं तर दर महिन्याचं सदर तुझं. दादा, चार वर्षं मी कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंगचं 'ए एस डी एफ' शिकवतेय. एकदा तरी माझं नाव छापून यावं असं मला फार वाटतं.

पण मला खेळता कुठे येतं? मी गोळी झाडेपर्यंत समोरचा मला मारून चहा पिऊन येतो. खेळाडू तू. ऑफिस सुटल्यावर ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर तू काय करतोस ते सरपंचांना माहीत नसलं तरी मला माहीत आहे. शिवाय तुझा हात. खेकड्याच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालून आत खेकडा आहे की पाणसाप, हे तू नुसत्या बोटांनी सांगायचास. पाड्यात दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही. कुठल्याही यंत्रापेक्षा मला त्या हाताचा भरवसा आहे.

तर नीट लिही. वजन हाताला कसं लागतं, पकड कशी आहे, बटणं, कशावर चालतो आणि कशावर नाही. आणि चार्जिंगला लावून खेळलं तर तापतो का, हे नक्की बघ. फोनवर सांगू नकोस. रेंजसाठी तू पाण्याच्या टाकीवर चढतोस आणि वरून नुसतं 'हां, हां' करतोस. किंमत मी सांगणार नाही. किंमत कळली की माणूस वस्तूला उगाच नावं ठेवतो, नाहीतर उगाच डोक्यावर घेतो.

गणपतीत मी घरी आले तर तू दोन्ही दिवस ऑफिसातच. धड बोललाही नाहीस. माझ्यावर काही राग आहे का? निलू आता तीन वर्षांची झाली, माझ्या नावाने तिचा एक पापा घे. वहिनीसाठी सुका जवळा ठेवलाय पिशवीत.

तुझी,
दक्षा


आपला पाडा, कासा,
सोमवार, १४ ऑक्टोबर

दक्षे,

तुझा उंदीर पोचला. आईने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "याला शेपूट नाय, मग चालं कसा?" मी म्हटलं, हवेतून चालतो. तेव्हापासून ती त्याच्या वाटेला जात नाही.

परीक्षण गंमत म्हणून केलेलं नाही. आठ दिवस, ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास. सरपंचांना सांगितलं, दाखल्यांचं काम तुंबलंय.

ऑफिसच्या टेबलाच्या काचेवर अजिबात चालत नाही, बाण चिखलातल्या म्हशीसारखा बसून राहतो. जन्ममृत्यूच्या रजिस्टरवर उत्तम. घरून सूप नेलं, त्याच्या पाठीवर चालतो पण प्रत्येक काडीला अडखळतो. भाताच्या पोत्यावर नाही. सागाच्या हिरव्या पानावर मात्र लोण्यासारखा पळतो, फक्त दुपारपर्यंत, नंतर पान कुरकुरतं. तुझ्या मासिकात सागाचं पान छापून आलं तर मला कळव. बिनवायरचं म्हणशील तर दारात उभा राहून, मध्ये लोखंडी कपाट ठेवूनही बाण हलला. पुढची दोन बटणं हलकी आहेत. अंगठ्याजवळची दोन बरोबर जागी.

आता दोष. उजव्या कडेला, जिथे शेवटची दोन बोटं येतात, तिथे धरायला काहीच नाही. गुळगुळीत. झटकन वळवला की हातातून निसटतो. दोनदा टेबलावरून पडला, पण चालू आहे. दुसरा दोष वजनाचा. खोक्यावर चौऱ्याहत्तर ग्रॅम लिहिलंय, पण दोन तासांनी दिवसभर गवत कापल्यासारखा हात भरून येतो. तापण्याच्या बाबतीत मात्र शंभर गुण. मोबाईलच्या चार्जरला लावून दोन तास हातातून न सोडता खेळलो, थंडगार. हे मोठ्या अक्षरात लिही.

तुझ्यावर कसला राग? ऑफिसात काम असतं. निलूचा पापा आईने घेतला. जवळा मिळाला, घरभर वास आहे.

सुनिल


तलासरी,
रविवार, २० ऑक्टोबर

दादा,

तुझं टिपण वाचून हसून हसून पोट दुखलं. सगळं जुळवून मी परीक्षण पाठवलं. सागाच्या पानाचा भाग मॅडमनी फोनवर मलाच वाचून दाखवला. तिथवर सगळं गोड होतं.

मग म्हणाल्या, "दक्षा, हाच माऊस मी आणखी दोघांना दिलाय, एक पुण्याचा, एक वाड्याचा. दोघंही म्हणतात, उजव्या कडेला रबराची खरखरीत पट्टी आहे, पकड पक्की. आणि मोबाईलच्या चार्जरला लावला की तीच कड इतकी तापते की हात काढून घ्यावा लागतो. तुझा खेळाडू बरोबर उलटं सांगतोय. त्याने माऊस खरंच वापरला का गं?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या भावाचा हात चुकत नाही, तुमचे दोन्ही माऊस बिघडलेले असतील. सासरी पाऊल टाकल्या टाकल्या सासूशी भांडावं तसं झालं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वेळ देते, स्वतः तपासून बघ.

तर आता खरं सांग. मन लावून खेळलास, की माझं मन राखायला चार ओळी लिहिल्यास? रागावणार नाही. पण ती पट्टी खोक्यावरच्या चित्रातसुद्धा आहे, दादा. तुझ्या हाताला ती लागली नाही, हे कसं? माऊस परत पाठव, मी एकदा बघते.

दक्षा


पाडा,
बुधवार, २३ ऑक्टोबर

दक्षा,

मन लावूनच खेळलो होतो. हाताला जे लागलं ते लिहिलं, जे लागलं नाही ते लिहिलं नाही. पुण्याच्या माणसाचा हात मऊ असेल. माऊस पाठवतोय. माझ्यामुळे तुझं सदर अडायला नको, त्या दोघांचं खरं धर.

यापुढे असलं काही पाठवू नकोस. गवतकापणी सुरू झालीय, वेळ नाही.

सुनिल


(त्याच खोक्यात, माऊसखालच्या फोमच्या तळाशी घडी करून ठेवलेला कागद)

दक्षाताईंना जयश्रीचा नमस्कार.

हे तुमच्या भावाला न सांगता ठेवतेय. खोका मीच बांधला. अक्षराला हसू नका, दहावीनंतर पेन धरलं ते बचत गटाच्या सह्यांपुरतंच.

ताई, यांचं माझ्यावरून मन उडालंय. लावणी झाल्यापासून ओटीवर झोपतात. ताट वेगळं, पेला वेगळा, स्वतःच घासून ठेवतात. मी घासायला घेतलं तर ओरडतात. निलू पायाला मिठी मारायला गेली की उठून जातात. पोर रडत बसते, तिला मी काय सांगू? एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडतात. कासाच्या बाजाराला दोनदा एकटेच गेले आणि रिकाम्या हाताने आले. विचारलं तर म्हणे काम होतं. बाजारात कोण आहे ते तुम्हाला माहीत असेल तर सांगा. खोटा धीर देऊ नका. असेल कुणी तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन, पण मला कळू तर द्या.

तुमच्या माऊसच्या कामाचं म्हणून एक लिहिते. तो आला त्या आठवड्यात यांच्या करंगळीला मोठा फोड आला. कशाने भाजलं विचारलं, तर म्हणे चहाच्या पातेल्याने. घरात चहा मीच करते. आणि फोड आलाय हेसुद्धा त्यांना मीच दाखवलं, तोवर त्यांना पत्ता नव्हता.

वाचून फाडून टाका.

जयश्री


तलासरी,
रविवार, २७ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र एकटा असताना वाच.

माऊस आला. क्लास सुटल्यावर मोबाईलचा चार्जर लावला आणि तुझ्यासारखीच हातात धरून बसले. वीस मिनिटांत उजवी कड अशी तापली की मी हात झटकला आणि माऊस भिंतीवर आपटला. मग दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या अकरा पोरांना एकेकदा धरायला दिला. अकराही जणांनी हात काढून घेतला. पट्टी तर मांजराच्या जिभेसारखी खरखरीत आहे. शेवटी मी काय केलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माऊसवरून उचललं आणि उरलेल्या तीन बोटांनी खेळून पाहिलं. दोनदा निसटला. थोड्या वेळाने हात भरून आला. तुझ्या टिपणातला शब्द न् शब्द खरा निघाला, दादा. तू माझ्याशी खोटं बोलला नाहीस. फक्त ते दोष माऊसचे नव्हते.

मागच्या वर्षी आशाताईंच्या प्रशिक्षणाचं माहितीपत्रक मी टाईप केलं होतं. आपल्या पाड्याच्या बायजीताईही होत्या त्यात. एक वाक्य तीनदा चुकलं, म्हणून पाठ झालंय. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे थंड, गरम, दुखणं न कळणं, बोटं सुन्न होणं, वस्तू हातातून निसटणं, नकळत भाजणं. वर मथळा होता, कुष्ठरोगाची लक्षणं. मी काही डॉक्टर नाही. चुकत असेन तर दिवाळीत सगळ्यांसमोर मला शिव्या घाल, मी पेढे वाटेन. पण तुझी लांब बाही, वेगळं ताट, कासाच्या त्या दोन फेऱ्या, हे सगळं मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस. मला वाटतं, तुला हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

त्या पत्रकातलं पुढचंही ऐक. घाबरलेला माणूस वरची ओळ वाचतो आणि खालच्या सोडून देतो. औषध आहे, फुकट आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण्याची भीती फारशी उरत नाही. वेगळ्या ताटाने काहीच साधत नाही, उगाच घर दुखावतं. आणि बोटं सुन्न होऊन सहा महिने उलटले नसतील तर ती परत येण्याची आशा जास्त असते. तू मोज.

आज सकाळी मी घरी यायला निघाले होते. चारोटीला उतरले, फाट्यावर अर्धा तास उभी राहिले आणि परत फिरले. समोर आले असते तर तू बाही खाली ओढून हसला असतास, आणि मीही हसले असते. कागदावर तू खरं बोलतोस, म्हणून कागदावरच विचारतेय. वहिनीला सांग. तिच्या मनात भलतंच काही आहे, आणि ते या रोगाहून वाईट आहे.

परीक्षण मी मागे घेतलं. सदर गेलं तर जाऊ दे. मला तुझा हात हवाय.

तुझी,
दक्षू


पाडा,
गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दक्षू,

तुझं पत्र एक दिवस खिशात होतं. त्या दिवशी तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर बोललो नसतो. कुणी सांगितलं होतं तुला बोटं उचलून खेळायला?

हो, मला माहीत होतं. होळीच्या सुमाराला कोपराजवळ चट्टा दिसला. लावणीत करंगळी सुन्न झाली, मग शेजारचं बोट. बायजीताई घरोघर तपासायला आल्या त्या दिवशी मी मीटिंगचं निमित्त काढून डहाणूला पळालो. आणि त्यांचा तक्ता दुसऱ्या दिवशी मीच टाईप करून दिला. आपल्या घरापुढे लिहिलं, संशयित कोणी नाही.

पाड्यातला काळ्याआजा तुला आठवणार नाही, तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्याला हाच रोग होता. नदीकडच्या शेतात लोकांनी त्याला खोपटं बांधून दिलं होतं. भाकरी न्यायचं काम माझ्याकडे. दगडावर ठेवायची आणि पळायचं. एकदा तो म्हणाला, "थांब रं जरा, मी काय खाईन तुला?" मी थांबलो नाही. लावणीपासून मला रोज ते खोपटं दिसायचं, आणि भाकरी घेऊन येणारी निलू. म्हणून तिला जवळ घेतलं नाही. ऑफिसात लोक माझ्यासमोर मशीनवर अंगठा लावतात, त्यांना कळलं तर कोण येईल? कासाला दोनदा गेलो ते हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. दोन्ही वेळा उसाचा रस पिऊन परत आलो.

मंगळवारी जयश्रीला सांगितलं. वाटलं होतं, पोरीला उचलून निघून जाईल. ती म्हणाली, "एवढाच? दुसरी बाय नाय ना?" मी म्हटलं, नाही गं. तर हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तो मात्र पुरता कळला. मग माझं वेगळं ताट उचललं आणि त्यात कोंबड्यांना दाणे टाकले. आता ते ताट कोंबड्यांचं.

काल आम्ही चौघं गेलो, जयश्री, निलू, आई आणि मी. फाटकाशी माझे पाय अडले. आई म्हणाली, "चल रं, रस मंग पिऊ." डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. हातावर ठिकठिकाणी कापूस टेकवून विचारत होत्या, कुठे लागतंय ते बोल. मी बोलत होतो. मग बराच वेळ काहीच लागलं नाही. मला वाटलं, झालं त्यांचं. डोळे उघडले तर कापूस माझ्या करंगळीवर होता. तिथे मी रडलो. तुला लिहायला लाज वाटत नाही.

पाठीवरही चट्टे निघाले, ते मला दिसणार कसे? एक वर्षाच्या गोळ्या आहेत. पहिल्या गोळ्या त्यांच्यासमोर गिळल्या. नसेसाठी वेगळ्या. तिघींना तपासलं, तिघी साफ आहेत. त्यांनाही खबरदारी म्हणून एकेक डोस दिला. लघवी लाल होईल, घाबरू नका म्हणाल्या. झाली, आणि सांगूनसुद्धा मी घाबरलो. रंग काळवंडेल म्हणाल्या, तर जयश्री तिथल्या तिथे म्हणते, आधी कुठं गोरा होतास.

बोटं सुन्न होऊन चार महिने झालेत. बोटं पूर्ण येतील असं त्या म्हणत नाहीत, येणार नाहीत असंही म्हणत नाहीत. गरम वस्तू आधी डाव्या हाताने बघायची आणि रोज तेल लावून बोटं सरळ करायची. तेल लावायचं काम निलूने घेतलंय. निम्मं तेल जमिनीला मिळतं. काल रात्रभर ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. हात अवघडला तरी मी काढला नाही.

भाऊबीजेला ये. बोलू.

दादा


तलासरी,
रविवार, १७ नोव्हेंबर

दादा,

घरून आल्यापासून करमत नाहीये. तुझ्या त्या दोन बोटांना मी तेल लावलं तेव्हा तू मुद्दाम दुसरीकडे बघत होतास, ते मी पाहिलं होतं.

एक विचारायचंय. सुषमा मॅडमना मी खरं सांगितलं, तुझं नाव न घेता. म्हटलं, खेळाडूच्या हाताला दोन बोटांचं कळत नव्हतं, म्हणून टिपण उलटं आलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, "अगं, मग हेच लिही की. माऊस तापतो हे दोघांनी सांगितलं. पण कुणाला ते कळत नसेल तर त्याचा हात भाजेल, हे तुझ्या खेळाडूमुळेच कळलं."

मी लिहीन, पण तुला विचारल्याशिवाय एक ओळही नाही. नाव घालणार नाही, गाव घालणार नाही. तू नको म्हणालास तर विषय संपला, माझ्या मनात काहीही राहणार नाही.

दक्षा


पाडा,
रविवार, २४ नोव्हेंबर

दक्षू,

आठ दिवस विचार केला. तीनदा 'नको' लिहून फाडलं.

नाव घाल. गाव घाल. बिननावाचं छापलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, हा कुणीतरी दुसरा, लांबचा. काळ्याआजाचं खरं नाव काय होतं, ते पाड्यात आज कुणालाच सांगता येत नाही. मी चार जणांना विचारलं.

जयश्रीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फोटो टाकणार असतील तर नवा शर्ट घे. अर्ध्या बाह्यांचा घेतलाय.

आणि परीक्षणात एक भर घाल. उजव्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला तर कमजोर बोटांनाही माऊस धरता येईल. तुझा माऊस इथे नाही, ऑफिसच्या माऊसवर करून बघितलंय. पंधरा मिनिटं निसटला नाही.

दादा


तलासरी,
रविवार, ५ जानेवारी २०२५

दादा,

आलं! पाच प्रती पाठवतेय. सागाचं पान आहे, ट्यूब आहे, तू आहेस. खाली छापलंय, परीक्षण: दक्षा, हात: सुनिल. सदर मला मिळालं. मी क्लासमध्ये ओरडले तेव्हा पोरांना वाटलं शॉक बसला.

माऊसही पाठवतेय. मॅडम म्हणाल्या, तो ज्याने तपासला त्याच्याकडेच राहू दे. चार्जिंगला लावून खेळायचं नाही, एवढं लक्षात ठेव. बोटांचं कळव. काय असेल ते खरं लिही.

दक्षा


कासा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

दक्षू,

बोटांचं आधी. अनामिकेला आता टोचलेलं कळतं, मुंग्या चालल्यासारखं. करंगळी अजून मुकी आहे. डॉक्टरबाई म्हणतात, थांबू या. मी थांबतोय. रोज अर्धा तास खेळतो, ट्यूब लावून. पूर्वीसारखं जमत नाही, पण हात भरून येत नाही.

तुझा लेख पाड्यात सगळीकडे फिरला. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना सांगितला आणि प्रत्येकाने त्यात पदरची भर घातली. दोघं-तिघं दाखल्याला यायचे बंद झाले. एकाने अंगठा लावण्याआधी मशीन धोतराने पुसलं, माझ्यासमोर. वाईट वाटलं. तो गेल्यावर बराच वेळ काम सुचलं नाही. तरी शर्ट अर्ध्या बाह्यांचाच घालतो.

आज सकाळी वरच्या पाड्याचा सुकऱ्या आला. पन्नाशीचा असेल, आयुष्य गवत कापण्यात गेलं. रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिला. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "तो उंदीर दे. हात ठेवाचा हाय." त्याला कुणीतरी सांगितलं होतं, सुनिलने त्या यंत्रावर हात ठेवला आणि यंत्राने त्याचा रोग सांगितला. मी म्हटलं, बाबा, हे खेळायचं आहे, रोग तपासायचं नाही. तो म्हणाला, "मंग खेळव."

मला हसू आलं. म्हटलं, उगाच कशाला त्याचं मन मोडा. बाही वर करायला सांगितली असती तर उठून गेला असता, मी तरी दुसरं काय केलं असतं? माऊस चार्जरला लावला आणि त्याच्या हातात दिला. डोंगराएवढा माणूस, पण लहान मुलाने अंडं धरावं तसा धरून बसला. मी इकडचं तिकडचं विचारत राहिलो, गवताचा भाव, पोरीची शाळा. थोड्या वेळाने विचारलं, "गरम लागतंय का?" तो म्हणाला, "अजून नाय. किती वेळ लागं याला?"

मी डावा हात लावून बघितला आणि मलाच चटका बसला. माऊस त्याच्या हातातून काढून घेतला. त्याला कळलं. रागाने काही बोलेल असं वाटलं होतं, पण हळूच विचारलं, "घरी सांगाचा का?" मी म्हटलं, आधी माझ्याबरोबर चला, घरी मग दोघं मिळून सांगू. ऑफिसला कुलूप लावलं. सरपंचांना मी काय सांगणार आहे, ते अजून ठरवलेलं नाही.

जीपमध्ये तो मागे लटकून उभा राहत होता. त्याला आत ओढून माझ्या शेजारी बसवला. हे पत्र हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. फाटकाशी तो थांबला नाही, माझ्यापेक्षा धीराचा निघाला. आताच त्याला आत बोलावलं. दारापर्यंत गेला आणि वळून मला म्हणतोय, "तू पण ये ना रं."

जातो.

दादा